मंदिरातील झुंबरे : एक दुर्लक्षित ठेवा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जुने काचेचे दिवे जमविणाऱ्या माणसाला अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या समाजापुढे उभे करण्यातील गंमत माझ्या लक्षात आली आहे. म्हणून माझ्या घरातील दिव्यांविषयी मी बोलणार नाही. मंदिरांतील दिव्यांविषयी बोलेन.

काच आणि जिनालय यांचे नाते जुने आहे. ज्योतीवर झेपावून पतंग जळू नयेत म्हणून दीप काचेच्या आवरणात ठेवण्याची आपली रीत ही जीवदयेची रीत. पुढे उपयोगाला वैभवाची जोड मिळाली. कोलकात्याचे 1867 मधील शीतलनाथ मंदिर किंवा इंदूरचे शेठ हुकुमचंदांचे काच मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

या विख्यात वास्तूंचे मोल सर्व जाणतात. मला चिंता वाटते ती 1950 ते 1970 या काळात दात्यांनी गावोगावच्या मंदिरांत बसविलेल्या झुंबरांची. 1972 च्या पुरावशेष कायद्याने अशी वस्तू पुरावशेष ठरण्यास शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. न्यासाची जमीन विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. झुंबर पडले जंगम, त्याला ती अट नाही. मग जीर्णोद्धार निघतो, नवे छत येते आणि जुने झुंबर भंगारात जाते. पितळेला निदान वजनावर भाव मिळतो, काचेला तोही नाही.

"ते कुठे फार जुने आहे?" असे विचारले जाते. परंतु याच कालखंडात झुंबराच्या कलेने नवे वळण घेतले. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी व्हिएन्नाच्या लॉबमायर या पेढीने झुंबरे घडविली. हान्स हाराल्ड राथ यांनी त्यांना फुटणाऱ्या ताऱ्यांचे रूप दिले. प्रयोग सुरू होताना प्रेक्षागृहातील काही झुंबरे हळूहळू छताकडे वर जातात. त्या शैलीतील वस्तूंसाठी आज संग्राहक मोठ्या रकमा मोजतात.

आपल्याकडे मात्र प्रत्येक जुनी काच "बेल्जियमची" असते! विकणारा तसे सांगतो आणि घेणारा आनंदाने मानतो. खरी परीक्षा हाताने व डोळ्याने करावी. शिशाचा अंश असलेला स्फटिक जड असतो, त्याचे लोलक उन्हात धरले की रंग स्पष्ट फुटतात. हाताने पैलू पाडलेल्या लोलकाच्या कडा धारदार असतात. साच्यातील काचेच्या कडा बोथट असून तिच्यावर बहुधा जोडाची रेघ दिसते. साच्यातील म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. दात्याचा भाव साच्यातला नव्हता.

जतनाचे काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. झुंबर उतरविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक फांदीला व तिच्या खोबणीला एकच क्रमांक द्यावा, कारण एकीची फांदी दुसरीच्या खोबणीत नीट बसेलच असे नाही. टांगलेल्या झुंबरावर द्रावण फवारू नये. पाणी विजेच्या जोडण्यांत उतरते. लोलक सुटे करून कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. गंजलेल्या तारा काढून पितळेच्या घालाव्यात. रबरी आवरणाची जुनी वायर मात्र निःसंकोच बदलावी. ती ठिसूळ होते आणि आगीचे कारण ठरते. छताचा आकडा व साखळीही तपासावी. साठ वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी सात-आठ वॅटचा पिवळसर एलईडी लावल्यास उष्णता कमी होते आणि झुंबराचे रूपही टिकते.

मंदिरास अर्पण केलेले झुंबर हे देवद्रव्य आहे. ते बदलण्याचा अधिकार विश्वस्तांना असेल. पण ते कोणी, कधी, कोणाच्या स्मरणार्थ दिले हे न पाहता तो वापरला जाऊ नये. अशी नोंद पुष्कळ ठिकाणी केवळ वृद्धांच्या स्मरणात उरली आहे. माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे की, जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत प्रत्येक झुंबराचे स्वतंत्र पान करावे आणि त्यावर छायाचित्र, लोलकांची संख्या व दात्याचे नाव लिहावे. यंदा पर्युषणापूर्वी स्वच्छतेसाठी शिडी लागेल, त्याच दिवशी हे काम सुरू करता येईल. मोजणीसाठी दोन तरुण द्या, शिडी धरायला मी येतो.

जय जिनेंद्र.