संकेतस्थळास जागा कोठें घ्यावी?

आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ हें गांव महाराष्ट्रास परिचित झालें तें हुतात्मा बाबू गेनू यांचें जन्मगांव म्हणून. परदेशी कापडाचा ट्रक अडवितांना १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईच्या काळबादेवी भागांत त्यांनीं प्राण दिले. माल कोठला व तो कोणाच्या हातून येतो, हा प्रश्न ज्या गांवच्या तरुणानें इतका जिव्हाळ्याचा मानला, त्या गांवांतून आज माल बाहेर पाठवावयाचा झाल्यास निराळाच प्रश्न पुढें येतो : दुकानाची पाटी कोणाच्या भिंतीवर लावावयाची?

समजा, तेथील एखाद्या कुटुंबानें तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यांतला हिरडा आणि तांदूळ निवडून, पुड्या बांधून पुण्यामुंबईच्या घरांत पोंचविण्याचा धंदा आरंभिला. गिऱ्हाईक मंचरच्या बाजारास येणार नाहीं. तें मोबाईलवर नांव शोधणार. म्हणून संकेतस्थळ हवें. आतां संकेतस्थळ म्हणजे अखेर कांहीं पानें आणि चित्रें. तीं रात्रंदिवस चालू असणाऱ्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावीं लागतात. ही जागा भाड्यानें देणारा तो वेब होस्ट. होस्ट या शब्दाचा अर्थ यजमान असा खरा. परंतु येथें पाहुण्यानेंच भाडें भरावयाचें असतें, हें आरंभींच ध्यानांत घेतलेलें बरें.

सर्वांत स्वस्त व्यवस्था चाळीसारखी असते. एकाच सर्व्हरवर शेंकडों बिऱ्हाडें आणि नळ सामाईक. शेजाऱ्याकडे लग्नकार्य निघालें कीं आपल्या घागरींत पाणी कमी येतें. असें असलें तरी लहान धंद्यास ही चाळ बहुधा पुरते. हिशेब करून पाहावा. दहा चित्रें, प्रत्येक सुमारें ३०० किलोबाइटचें, मिळून ३ मेगाबाइट झालीं. दररोज शंभर माणसें आलीं तर महिन्यास ९ गिगाबाइटची ने-आण होईल. तींच चित्रें मोबाईलमधून काढलीं तशीच, प्रत्येकीं ४ मेगाबाइटचीं चढविलीं, तर आंकडा १२० गिगाबाइटवर जातो आणि खेड्यांतल्या मंद जोडणीवर गिऱ्हाईक वाट पाहून निघून जातें. तेव्हां मोठी जागा घेण्यापूर्वीं चित्रें लहान करावीं. त्यास पैसा पडत नाहीं. ‘अमर्याद जागा’ असें जाहिरातींत वाचून हुरळून जाण्याचेंही कारण नाहीं, कारण मर्यादा अटींच्या बारीक अक्षरांत असतेच.

भाड्याची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. पहिल्या वर्षाचा दर गिऱ्हाईक ओढण्यासाठीं असतो. खरा दर नूतनीकरणाचा. तो कित्येकदां दुप्पट-तिप्पट निघतो. म्हणून करासह तीन वर्षांची बेरीज मांडावी आणि मगच दोन होस्टांची तुलना करावी. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राबद्दल कोणी निराळे पैसे मागूं लागल्यास विचार करावा; लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून तें सर्वांस विनामूल्य देत आहे.

आतां खात्रीचें. ‘९९ टक्के वेळ चालू’ हें वाक्य कानास गोड लागतें. परंतु उरलेला एक टक्का म्हणजे वर्षांतले साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हटलें तर पावणेनऊ तास. वचन मोडल्यास होस्ट सामान्यतः भाड्यांतला कांहीं भाग परत करतो. ऐन दिवाळींत बुडालेल्या मागण्यांची भरपाई कोणी करीत नाहीं. सर्व्हर मुंबईच्या परिसरांत असल्यास पान लवकर उघडतें, कारण अमेरिकेपर्यंतची प्रत्येक फेरी पाव सेकंदाच्या आसपास वेळ खाते आणि एका पानास अशा अनेक फेऱ्या लागतात.

परंतु याहून भारी संकट निराळें आहे. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागून एक इमारत जळून गेली. अनेक ग्राहकांनीं आपली सामुग्री तेथें विश्वासानें ठेविली होती, आणि कित्येकांची राखीव प्रतही त्याच आवारांत होती. मूळ आणि नक्कल एकाच आगींत गेलीं. घराचें खरेदीखत आणि त्याची नक्कल एकाच पेटींत ठेवण्यासारखेंच हें झालें. होस्ट प्रत ठेवतो कीं नाहीं हें विचारावें; त्यानें होय म्हटलें तरी महिन्यांतून एकदां पानें, चित्रें आणि मागण्यांची नोंद आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. वर्षांतून एकदां त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हां उभें करून पाहावें. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत होय.

दुसरें संकट घरांतूनच येतें. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, ही होस्टच्या जागेहून स्वतंत्र वस्तु आहे. पुष्कळदां तें बनविणारा ओळखीचा मुलगा भाबडेपणानें किंवा सोयीसाठीं आपल्याच नांवावर व आपल्याच ईमेलवर घेतो. पुढें तो नोकरीनिमित्त दूर जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पेटींत पडून राहते, आणि एके सकाळीं पुड्यांवर छापलेल्या पत्त्यावर भलत्याचीच जाहिरात दिसते. सर्व्हर बुडाला तर प्रतीवरून आठवड्याभरांत दुसरीकडे बिऱ्हाड हलवितां येतें. नांव परक्याच्या हातीं गेलें तर पुड्या, पावत्या, ओळख, सारेंच नव्यानें छापावें लागतें. म्हणून डोमेन धंद्याच्या मालकाच्याच नांवें असावें, होस्ट कोणताही असो. भारताचें ‘.इन’ हें क्षेत्र २००५ पासून सर्वांस खुलें आहे, आणि देवनागरींतील ‘.भारत’ २०१४ पासून. मराठी नांव पाटीवर शोभतें; मात्र तशा पत्त्यावरचें ईमेल अजून सर्वत्र स्वीकारलें जात नाहीं, तेव्हां जोडीला एक ‘.इन’ असूं द्यावें.

पैसे भरण्यापूर्वीं होस्टची एक परीक्षा घ्यावी. रविवारीं रात्रीं मदतीच्या क्रमांकावर दूरध्वनि करून एकच प्रश्न विचारावा : ‘उद्यां दुसरीकडे जावयाचें ठरविलें तर सर्व सामान कसें मिळेल?’ सरळ उत्तर मिळाल्यास प्रथम एका वर्षाचाच करार करावा. नूतनीकरणाची तारीख, डोमेनचा खातेक्रमांक आणि प्रत शेवटीं केव्हां उतरविली तो दिवस, हीं तीन टिपणें पाडव्याला उघडलेल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीं. परवलीचा शब्द मात्र तेथें लिहूं नये.