छाती गेली, हक्क नाही गेला
(गिरगावच्या सभेत पाड्यांच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही जमिनीवर नाही, बाईच्या शरीरावर बोलणार. लाज वाटली तर खाली बघा, पण ऐका.

आमच्या पाड्यातल्या एका काकीला कॅन्सरची गाठ निघाली. शहरातल्या एका इस्पितळात तिचा एक स्तन काढला. जीव वाचला, त्याचे उपकार आहेतच. पण आवणीला वाकली की पोलक्यात कोंबलेली चिंध्यांची गुंडाळी घसरते. म्हणून काकी आवणीला येत नाही, ग्रामसभेलाही येत नाही.

तिच्यासोबत तपासणीला गेलो तेव्हा आम्हाला कळलं, स्तन पुन्हा बनवता येतो. पोटाचं नाहीतर पाठीचं मांस घेऊन, किंवा सिलिकॉन बसवून. कधी त्याच ऑपरेशनला, कधी काही वर्षांनीसुद्धा. सगळ्यांनाच जमतं असं नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात. पण काकीला आधी कोणी विचारलंच नव्हतं. का, म्हटलं तर उत्तर आलं, "गावाकडच्या बाईला ते कशाला?"

साथींनो, हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला, पण ज्याला दावा माहीत नव्हता त्याचा प्लॉट कागदावर आला नाही. इथेही तसंच. अमेरिकेत 1998 साली कायदा झाला. जी विमा कंपनी स्तन काढायचा खर्च देते, तिने तो बनवायचा आणि नकली स्तनाचाही खर्च द्यायचा.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. या गिरगावपासून जवळच परळला 1941 पासून टाटा हॉस्पिटल आहे. लांबच्या पेशंटला राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवर उपचार होतात. पण दुसरं ऑपरेशन म्हणजे पुन्हा भाडं, पुन्हा मजुरी बुडाली. तिथेच आपली बाई मागे राहते.

म्हणून आमचं मागणं असं:

1. स्तन काढायच्या आधी बाईला तिच्या बोलीत सगळं समजावून सांगा.
2. स्तन बनवायचा खर्च सरकारने पूर्ण द्यावा, येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचाही.
3. जिला ऑपरेशन नको तिला आत घालायचा नकली स्तन फुकट मिळावा.

नको म्हणायचा हक्क बाईचा आहे. पण नको म्हणायला आधी विचारलं तरी पाहिजे!

आणि बायांनो, गाठ लागली तर लपवू नका. लवकर दाखवली तर पुष्कळदा स्तन काढावाच लागत नाही. एकटी जाऊ नका, आम्ही सोबत येऊ.

जिंदाबाद!