तांबड्या गाडीचा हिशेब

आज मी आपल्याशी एका कारखान्याविषयी बोलणार आहे. हा कारखाना आपल्यापासून फार लांब, इटली देशात मारानेल्लो नावाच्या लहानशा गावी आहे. तेथे ज्या मोटारी तयार होतात, त्या तुम्ही-आम्ही विकत घेण्याचा संभव नाही. मग त्यांची चौकशी कशाला, असे कोणी विचारील. पण मालाचा भाव कशाने ठरतो आणि धंद्याचे नाव कशाने टिकते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला याइतके उघड उदाहरण सापडणे कठीण. कारखान्याचे नाव फेरारी.

हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते क्रिकेटच्या वाटेने. सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा २००२ साली इटलीच्या फियाट कंपनीने त्यांना एक फेरारी गाडी भेट दिली. तिच्यावरचा आयातकर माफ करावा की नाही, यावरून २००३ साली मोठा वाद झाला आणि अखेर तो कर फियाटनेच भरला. नुसता कर एक कोटी रुपयांहून अधिक! तेव्हा पुष्कळांच्या मनात आले असेल, की ही किंमत लोखंडाची, यंत्राची, की आणखी कशाची?

आधी थोडा हिशेब करू. गुरुजींनी वर्गात फळ्यावर मांडावा असा तो आहे. २०२४ साली फेरारीने १३,७५२ गाड्या गिऱ्हाइकांच्या हवाली केल्या. त्या वर्षी कंपनीचे उत्पन्न सुमारे ६६७ कोटी युरो होते, आणि सगळा खर्च व कर जाऊन निव्वळ नफा राहिला सुमारे १५२ कोटी युरो. आता भागाकार करून पाहा. दर गाडीमागे उत्पन्न येते ४ लाख ८५ हजार युरो आणि नफा १ लाख १० हजार युरो. त्या साली एका युरोला साधारण ९० रुपये पडत. म्हणजे एका गाडीमागे नफाच जवळजवळ एक कोटी रुपये झाला.

आणि गाड्या किती, तर तेरा-चौदा हजार. जपानच्या टोयोटा कंपनीने त्याच वर्षी एक कोटीहून अधिक मोटारी विकल्या. फेरारीच्या वर्षभराच्या गाड्या म्हणजे टोयोटाचा अर्ध्या दिवसाचा खप! एवढ्याशा मालावर एवढा नफा कसा, हे कळायचे तर थोडे मागे जायला हवे.

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ साली मोदेना शहरात झाला. वडिलांचा लोखंडकामाचा कारखाना होता. १९१६ साली वडील गेले, त्याच साली थोरला भाऊ गेला, आणि घरचा धंदा बसला. पहिल्या महायुद्धात हा तरुण डोंगरी तोफखान्यात खेचरांना नाल ठोकीत होता. युद्ध संपल्यावर तो तुरीन शहरी फियाटच्या दारात नोकरी मागायला गेला, तर त्यांनी त्याला परत पाठवले. पुढे १९२० च्या सुमारास अल्फा रोमिओ कंपनीत मोटारी शर्यतीत चालवण्याचे काम मिळाले. १९२९ साली त्यांनी ‘स्कुदेरिया फेरारी’ म्हणून स्वतःचे शर्यतपथक काढले. ‘स्कुदेरिया’ म्हणजे घोड्यांची पागा. गाडीवर जो काळा उधळता घोडा दिसतो, ते मूळचे फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाचे चिन्ह. बाराक्का १९१८ साली युद्धात पडला. पुढे १९२३ साली त्याच्या आईवडिलांच्या भेटीतून ते फेरारींकडे आले. घोड्यामागचा पिवळा रंग मोदेना शहराचा, आणि गाडीचा तांबडा रंग हा शर्यतींत इटली देशाला नेमून दिलेला रंग.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्यांनी आपला कारखाना मारानेल्लोला हलवला. त्यावर बाँब पडले. तो पुन्हा उभा करून १९४७ साली फेरारी नावाची पहिली गाडी रस्त्यावर आली. त्या वर्षीच्या मे महिन्यातील पहिल्या शर्यतीत ती पुढे असतानाच बंद पडली. पण दोनच आठवड्यांत रोमच्या शर्यतीत पहिली आली.

श्रोतेहो, या धंद्याची खरी गोम येथे आहे. इतर कारखानदार शर्यतीत उतरतात ते गाड्या खपाव्यात म्हणून. शर्यत ही त्यांची जाहिरात असते. एन्झो फेरारी यांचे उलट होते. शर्यतीला पैसा लागतो, तो उभा करावा म्हणून ते श्रीमंतांना गाड्या विकीत. शर्यत हे पीक, आणि गाड्यांची विक्री ही त्याला घातलेली खते-पाणी, असा त्यांचा हिशेब. पण गंमत अशी, की गिऱ्हाइकाला नेमके हेच आवडले. जी गाडी शर्यतीत जिंकते, तिच्याच कारखान्यातली, तिच्याच रक्ताची गाडी आपल्या दारात उभी आहे, या समाधानाचे तो पैसे मोजू लागला. लोखंडाची किंमत ठरलेली असते. या समाधानाला मात्र माप नाही.

पण या नावाची किंमत नुसत्या पैशात मोजून भागत नाही. इटलीत ‘मिल्ले मिल्या’ म्हणजे हजार मैलांची एक शर्यत होत असे. ती बंदिस्त मैदानात होत नसे. गावागावांतून जाणाऱ्या नेहमीच्या रस्त्यांवर होत असे, आणि माणसे बायकापोरांसह दुतर्फा उभी राहून ती पाहत. १२ मे १९५७ रोजी ग्विदिझ्झोलो गावाजवळ भरवेगातल्या एका फेरारी गाडीचे चाक फुटले. गाडीतले दोघे गेले आणि रस्त्याकडेला उभी असलेली नऊ माणसे गेली. त्या नवांत पाच मुले होती. तशी शर्यत त्यानंतर बंद झाली. एन्झो फेरारी यांच्यावर खटला भरला गेला. १९६१ साली ते निर्दोष सुटले. कायद्याने ते सुटले, ही गोष्ट खरी. पण ज्या वेगाच्या कीर्तीवर हा धंदा उभा आहे, तिच्या जमाखर्चात ही पाच मुलेही आहेत, हे विसरून चालणार नाही.

शर्यतीचा खर्च सोसता सोसेना, तेव्हा १९६३ साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीशी कारखाना विकण्याची बोलणी झाली. सौदा मोडला तो किंमतीवरून नव्हे. शर्यतीवर किती खर्च करायचा, हे फोर्डला विचारून ठरवावे लागेल, असे कागदावर दिसताच एन्झो उठून गेले. चिडलेल्या फोर्डने खास गाडी बांधून १९६६ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्याआधी सलग सहा वर्षे ती शर्यत फेरारीने जिंकली होती.

अखेर १९६९ साली फियाटने फेरारीची निम्मी मालकी घेतली. एकेकाळी ज्याला नोकरी नाकारली, त्याच्याशी भागीदारी केली! रस्त्यावरच्या गाड्या फियाटने पाहाव्यात आणि शर्यत एन्झोंनी, अशी वाटणी झाली. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेली काळी-पिवळी टॅक्सी आठवा. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत असे, पण तिचे मूळ फियाटच्याच ११०० गाडीचे. म्हणजे आपली पद्मिनी टॅक्सी आणि मारानेल्लोची तांबडी गाडी यांचे लांबचे का होईना, नाते लागते. एकीचा नफा पुष्कळ विकण्यात, दुसरीचा थोडे विकण्यात.

थोडे विकणे बोलायला सोपे, पण आचरायला फार कठीण आहे. बाजाराला जेवढ्या हव्यात त्याहून एक गाडी कमी द्यावी, असे सूत्र एन्झोंच्या नावावर सांगतात. तरी त्यांच्याच कारखान्याला मोह झाला. १९८७ साली ‘एफ ४०’ ही गाडी निघाली. काढायच्या होत्या चारशेच्या आसपास. मागणी पाहून काढल्या तेराशेच्या वर. १९८८ साली एन्झो वारले, पुढे मंदी आली, आणि फायद्यासाठी घेऊन ठेवलेल्या गाड्यांचे भाव कोसळले. १९९१ साली लुका दि माँतेझेमोलो यांनी कारभार हाती घेतला, त्यांनी हा धडा लक्षात ठेवला. २०१३ साली मागणी असतानाही त्यांनी गाड्या मुद्दाम सात हजारांच्या आत ठेवल्या, आणि त्या वर्षी नफा घटला नाही, वाढला. त्याच साली निघालेल्या ‘लाफेरारी’च्या फक्त ४९९ गाड्या विकायला काढल्या. अशी खास गाडी पैसे आहेत म्हणून कोणालाही मिळत नाही. गिऱ्हाईक कारखाना निवडतो!

आता शेतकरी बंधू म्हणतील, हे आम्हांला नवे नाही. बाजारात कांदा जास्त आला की भाव पडतो, हे लासलगावचे लहान पोरही सांगेल. मग आम्ही का नाही थोडे पिकवीत? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सरळ आहे. फेरारीचा नळ एका हातात आहे. कांद्याचा नळ लाखो हातांत. एकाने लागवड कमी केली तर दुसरा वाढवतो. गाडी गोदामात थांबते, कांदा सडतो. शिवाय फेरारी ही हौस आहे आणि कांदा ही गरज. गरजेची वस्तू अडवून भाव वाढवणे याला आपण साठेबाजी म्हणतो. तेव्हा फेरारीची युक्ती जशीच्या तशी शेतात चालणार नाही. तिच्यातून घेण्यासारखे आहे ते दुसरेच. मालाच्या मागे नाव उभे असेल, आणि त्या नावाला कोणी खोटा माल चिकटवू दिला नाही, तर भाव मागता येतो. रत्नागिरीच्या हापूस पेटीत परका आंबा भरणारा मनुष्य एका पेटीचे पैसे मिळवतो आणि साऱ्या कोकणाच्या नावाचे कर्ज करून ठेवतो.

फेरारीपुढेही हाच प्रश्न उभा आहे. २०१५ साली तिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात विकायला निघाले. भागधारकांना दरसाल वाढ हवी असते. २०१३ साली जो आकडा सात हजारांच्या आत होता, तो २०२४ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. २०२२ साली चार दारांची उंच गाडीही आली. तिचे प्रमाण एकंदर उत्पादनाच्या पाचव्या हिश्श्यात ठेवू, असे कंपनीने सांगितले. दुसरीकडे फॉर्म्युला वन शर्यतींत २००९ पासून २०२४ पर्यंतच्या सोळा हंगामांत तिला एकही जगज्जेतेपद मिळाले नाही. ल मांला मात्र २०२३ साली पन्नास वर्षांनी परतून ती जिंकली. म्हणजे नफा चढता आणि फॉर्म्युला वनमधले यश उतरते, असा हा काळ. मागच्या पिढीने साठवलेली कीर्ती ही बँकेतल्या ठेवीसारखी असते. नुसते व्याज खाल्ले तर ठेव टिकते. मुद्दलाला हात लागला, की खातेपुस्तक पुष्कळ दिवस काही बोलत नाही, आणि बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट. एन्झोंचा मुलगा दिनो १९५६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, स्नायूंच्या असाध्य रोगाने गेला. त्याच्या नावाने एन्झोंनी मारानेल्लोत धंदेशिक्षणाची शाळा उभी केली. गावातली मुले तेथे यंत्रकाम शिकू लागली. आज कारखान्यात पाच हजारांवर माणसे काम करतात, आणि २०२४ सालच्या नफ्यातून कामगाराला जास्तीत जास्त १४,४०० युरोंपर्यंत बक्षिसी जाहीर झाली. घोड्याचे चित्र कोणीही रंगवील, तांबडा रंगही डब्यात विकत मिळतो. पण इंजिन हाताने जुळवणारा कारागीर बाजारात तयार मिळत नाही. तो शाळेत आणि कारखान्यात, वर्षानुवर्षे घडवावा लागतो. फळ्यावरचा तो भागाकार मुलांना समजावताना, गुरुजी, ही शाळाही त्यांना अवश्य सांगा.