राखणदाराची राखण

धार आणि देवास या जुन्या पवार संस्थानांच्या मुलखात कुत्रा हा घरादाराचा व शेताचा राखणदार. परंतु राखणदाराचीही राखण करावी लागते, हे पुष्कळदा विसरले जाते.

डिस्टेंपर व पार्व्हो हे विषाणूजन्य रोग पिलांवर विशेष घाला घालतात. पहिल्यात ताप येतो, नाकाडोळ्यांतून स्राव वाहतो व पुढे झटके येतात. दुसऱ्यात ओकाऱ्या व रक्ताची हगवण लागते. विषाणूंवर रामबाण औषध नाही. खरा उपाय लसच.

मात्र एकदा टोचले की काम संपले, हा समज घातक होय. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिलाला जपतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. आणि ती केव्हा ओसरतील याचा नेम नसतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी लस द्यावी, व वर्षाने पुन्हा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी; तिने माणसांचेही रक्षण होते.

२०१८ साली गीरच्या रानात २० हून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींत डिस्टेंपरचाच विषाणू आढळला. देवास जिल्ह्यातही खिवनीचे अभयारण्य आहे. गावचे कुत्रे निरोगी राहिले, तर रानही निर्धास्त राहील.