रॅपचे एकटे गाणे आणि पोळ्याची झडती

ठरलेल्या ठेक्यावर, सुरांच्या चढउतारापेक्षा यमकावर आणि शब्दांच्या आघातावर भर देऊन, बोलण्याच्या गतीने म्हटलेली रचना म्हणजे रॅप. अशी रचना एखाद्या चित्रपटाचा किंवा गीतसंग्रहाचा भाग म्हणून न येता स्वतंत्रपणे बाजारात येते, तेव्हा संगीत व्यवसायातील लोक तिला ‘सिंगल’ म्हणतात. ही संज्ञा तबकडीच्या काळातली आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आली, तिच्या एका बाजूवर एकच गाणे मावत असे, आणि तबकड्यांच्या विक्रीवरून ब्रिटनमध्ये १९५२ पासून दर आठवड्याची क्रमवारी छापली जाऊ लागली. तबकडी गेली, क्रमवारी मात्र राहिली. जुलै २०१४ पासून तर इंटरनेटवर गाणे किती वेळा ऐकले गेले याचाही हिशेब त्या क्रमवारीत धरला जातो, त्यामुळे एकही प्रत न विकता गाणे वर चढू शकते.

या बदलाचा अर्थ समजण्यासाठी लंडनचा रॅप गायक स्टॉर्मझी याच्या ‘शट अप’ या गाण्याची हकीकत उपयोगी पडते. ग्राइम हा लंडनच्या वस्त्यांमध्ये २००० च्या सुमारास घडलेला, मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांचा वेगवान प्रकार, आणि ‘शट अप’ त्याच प्रकारातले. त्याच्या चित्रीकरणात लंडनमधली एक बाग आहे, अंगात खेळाडूंचा पोशाख घातलेला गायक आहे आणि त्याच्या मागे उभे असलेले मित्र आहेत, याखेरीज सांगण्यासारखे काही नाही. ठेकासुद्धा नवा नव्हता, एक्सटीसी नावाच्या संगीतकाराने दहाएक वर्षांपूर्वी केलेला होता. २०१५ मध्ये हे चित्रीकरण इंटरनेटवर पसरले, त्यानंतर त्याचे रीतसर सिंगल निघाले आणि ते प्रथम क्रमवारीच्या तळाकडेच राहिले. डिसेंबरमध्ये मुष्टियोद्धा अँथनी जोशुआ रिंगणाकडे चालत येत असताना गायकाने तेच गाणे हजारो प्रेक्षकांसमोर म्हटले, नाताळात ते पहिल्या क्रमांकावर न्यावे असे आवाहन चाहत्यांना केले, आणि ते आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. म्हणजे प्रकाशन आधी झाले नाही, लोकप्रियता आधी आली, आणि कंपनीच्या कागदावरची तारीख ही लोकांनी केलेल्या निवडीची केवळ नोंद ठरली.

मुंबईत याच्या आगेमागेच असेच घडत होते. कुर्ल्याच्या नावेद शेखने ‘नेझी’ या नावाने जानेवारी २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर तयार करून, त्याच यंत्रावर चित्रित करून प्रसारित केले. अंधेरीच्या जे. बी. नगरमधील विवियन फर्नांडिस, म्हणजेच ‘डिव्हाइन’, याच्याबरोबर त्याने केलेले ‘मेरे गली में’ एप्रिल २०१५ मध्ये आले, तोपर्यंत एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे लक्ष या मुलांकडे गेले होते. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘गली बॉय’ हा झोया अख्तर दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला आणि गल्लीतले हे गाणे घराघरांत गेले. चित्रपटामुळे रॅप महाराष्ट्रात आला असे जे सर्रास म्हटले जाते, ते मात्र उलटे आहे, कारण चित्रपट या गाण्यांच्या मागून आला.

ही गाणी हिंदीत होती, मुंबईच्या हिंदीत. मराठीतल्या रॅपला खरी ओळख मिळाली ती एका अनपेक्षित मार्गाने. मार्च २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याचे राज्यातील सत्तांतरावर टीका करणारे गाणे पसरले, त्याच सुमारास उमेश खाडे याचे ‘भोंगळी केली जनता’ हे गाणेही गाजले, आणि दोघांविरुद्ध पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी त्यांची बाजू घेतली, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झाली, आणि ज्यांनी रॅप हा शब्दही ऐकला नव्हता अशा वयस्क श्रोत्यांपर्यंत ती गाणी पोहोचली. कोणत्याही कंपनीला जमली नसती अशी ही जाहिरात होती. पोलीस आणि रॅप यांचे हे नाते केवळ इकडचे नाही. लंडनच्या पोलिसांनी २००५ पासून कार्यक्रमांच्या आयोजकांकडून ‘फॉर्म ६९६’ नावाचा अर्ज भरून घेण्यास सुरुवात केली होती, त्यात संगीताचा प्रकार विचारला जाई, एके काळी श्रोतृवर्ग कोणत्या वंशाचा आहे हेही विचारले जाई, आणि ग्राइमचे कार्यक्रम त्यामुळे अडतात अशी कलावंतांची तक्रार होती. २०१७ मध्ये तो अर्ज रद्द झाला.

पोलिसांपर्यंत गेलेल्या या गाण्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०२४ मधले ‘तांबडी चामडी’ आहे. क्रेटेक्स या संगीतकाराने श्रेयस सागवेकरच्या आवाजात केलेले हे मराठी गाणे स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्समधील कंपनीने प्रकाशित केले, आणि नृत्यासाठीच्या हाउस या विद्युत संगीतप्रकारात मराठी बोल परदेशी श्रोत्यांनीही ऐकले. ते काटेकोर अर्थाने रॅप नाही, परंतु त्याचे बोल गायले जाण्यापेक्षा ठेक्यावर टाकले जातात, म्हणून त्याचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये.

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात ही सर्व गाणी मोबाइलवर आणि मिरवणुकीतल्या डीजेवर वाजतात, त्यात नवल नाही. लक्ष द्यावे अशी गोष्ट निराळी आहे. यमक जुळवून, ठेका धरून, समोरच्याला उत्तर देत बोलण्याची जी कला लंडन आणि कुर्ला येथे नव्याने शोधली गेली असे मानले जाते, ती या तालुक्यात दर वर्षी पिठोरी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, उघड्यावर सादर होते, आणि तिला झडती म्हणतात. सजवलेल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या केल्या जातात, शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा, आणि तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत जो वेळ जातो त्या वेळात एकेक जण पुढे होऊन खड्या आवाजात झडती म्हणतो. पहिल्या ओळींत देवाचे नाव घेऊन तो लगेच गावाकडे वळतो, कापसाचा भाव, बोगस बियाणे, सरकारची घोषणा, कधी एखाद्या पुढाऱ्याचे आश्वासन, असे विषय येतात, आणि शेवटच्या यमकावर सगळा जमाव ‘हर हर महादेव’ म्हणून गर्जना करतो. एकाची झडती संपते न संपते तोच रांगेच्या दुसऱ्या बाजूकडून उत्तर येते. त्या उत्तराचा टोला चांगला बसला तर पहिल्याला पुन्हा पुढे यावे लागते, आणि सुचले नाही तर हसू होते. रॅपमध्ये दोन गायकांनी समोरासमोर उभे राहून केलेल्या अशा सामन्याला बॅटल म्हणतात, आणि स्पर्धांमध्ये त्याचे नियम ठरवून दिलेले असतात. झडतीचे नियम कोणी लिहिले नाहीत, पण पाळायला कोणी विसरत नाही.

याच पट्ट्यात बोलणे आणि ठेका यांची जोड भजनानेही घातली आहे. वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीचे तुकडोजी महाराज खंजेरीवर जे म्हणत त्यात उपदेश आणि ताल एकमेकांपासून वेगळे काढता येत नसत, आणि अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या समोर मांडून हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा यांवर वऱ्हाडीत बोलतात, तेव्हा श्रोते हसतात ते शब्दाला आणि मान डोलावतात ती ठेक्याला. अमरावतीचा विपीन तातड आंबेडकरी विचारांचा रॅप करतो, हे या भूमीत उपरे वाटत नाही.

तरीही झडती आणि सिंगल यांत एक फरक उरतो, आणि तो गुणवत्तेचा नसून नोंदीचा आहे. झडतीला कर्ता नसतो. यंदा एका गावात चाललेले यमक पुढच्या वर्षी शेजारच्या गावात, कदाचित सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याकडेही, दुसऱ्याच्या तोंडी येते, आणि कोणी तक्रार करत नाही. सिंगलला मात्र नाव लागते, तारीख लागते, मालकी लागते. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रकाशित करण्याचा प्रघात पडला आहे. गायकाला आपले गाणे वितरक कंपनीकडे काही दिवस आधी सोपवावे लागते, म्हणजे ती ते ठरल्या शुक्रवारी निरनिराळ्या संगीत सेवांवर एकाच वेळी चढवते. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातही गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा राखला गेला, हा वाटा करार करून सोडून देता येत नाही, पण त्याचा लाभ प्रत्यक्षात सहसा ज्याने आपले नाव नोंदवले त्याला मिळतो.

असे सिंगल काढू पाहणाऱ्या खेड्यातल्या तरुणाची खरी अडचण ठेक्यापाशी असते. बहुतेक नवे रॅप गायक तयार ठेका इंटरनेटवरून घेतात, व्यवसायात त्याला बीट म्हणतात, आणि तो विकत मिळतो तसा ठरावीक वापरापुरता परवान्यानेही मिळतो. परवान्यात गाणे किती वेळा ऐकले जाईपर्यंत तो चालेल याची मर्यादा अनेकदा लिहिलेली असते, आणि तोच ठेका दुसऱ्या दहा जणांनाही दिलेला असू शकतो. गाणे गाजले की मर्यादा ओलांडली जाते, मूळ ठेकेकार हक्क सांगतो, आणि गाणे सेवांवरून उतरवले जाते किंवा त्याची मिळकत दुसरीकडे वळते. तालुक्यात ढोलकी, खंजेरी आणि डफ वाजवणारे हात असताना ठेका परक्याकडून भाड्याने घेण्याचे कारण बहुधा सवय हेच असावे. घरचा ठेका मोबाइलवर मुद्रित करून त्यावर वादकाचे नाव लिहून ठेवले आणि मिळकतीतला त्याचा वाटा आधीच कागदावर ठरवला, तर परवान्याचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.