सुताराची झोपडी



मळवली स्टेशनावर उतरून भाज्याची लेणी पाहून आलेले पुष्कळजण येथे असतील. पुन्हा जाल तेव्हा चैत्यगृहातले खांब जरा निरखून पहा. ते सरळ उभे नाहीत, माथ्याकडे आत कललेले आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्या पाथरवटाचा ओळंबा चुकला होता की काय? मुळीच नाही. लाकडी मंडपाचे कमानदार छप्पर खांबांना बाहेर रेटते, म्हणून सुतार ते आत कलते रोवी. डोंगराच्या पोटात असा रेटा कुठला? तरी पाथरवटाने तो कल इमानाने दगडात उतरविला.

समोरच्या डोंगरात कार्ल्याला खांब सरळ झाले. पण छताखाली सागवानी फासळ्या आहेतच. त्या दगडाला तोलीत नाहीत, दगडच त्यांना सांभाळतो आहे! पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १९ व्या लेण्यात फासळ्याही दगडाच्या झाल्या. उजेड आत घेणारी मोठी कमान तर लहान लहान होऊन दर्शनी भागावर ओळीने बसली, आणि तिच्यातून चेहरे डोकावू लागले. खिडकीची नक्षी झाली ती अशी. वेरूळच्या १० व्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. पंडितांच्या आधी लोकांनी सुतार ओळखला!

मग ही नक्कलच नव्हे का? मलाही पूर्वी तसे वाटे. आता वाटत नाही. कोरणाऱ्याला लाकूडकाम ठाऊक होते, पाहणाऱ्यालाही होते. जुने घर नव्या घरात ओळखू येत होते.

आमच्या आळीतला एक वाडा नुकताच पाडला. सुरूच्या घाटाचे खांब वजनावर गेले, आणि नव्या इमारतीच्या दाराशी सिमेंटचे पोकळ ग्रीक खांब उभे राहिले. ग्रीकांशी माझे भांडण नाही; त्यांच्या देवळांतही लाकडाच्या खुणा दगडात उतरल्या, असे जाणकार मानतात. पण ती आठवण आमच्या आळीत कोणाची?

वाडे पडणार, हे मी धरून चाललो आहे. मागणे एवढेच, की आपला वाडा पाडण्याआधी एक दिवस जाणत्या सुताराला बोलवावे, आणि प्रत्येक सांधा कसा उकलतो ते घरातल्या मुलांसमोर त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावे.