मंडळापुढील हिरवळ

भगिनींनो, गेल्या वर्षी आपण मंडळापुढे हरळी लावली आणि दिवाळीपर्यंत तेथे लव्हाळाच माजला. चूक माझी, खणण्यात मी घाई केली. लव्हाळ्याच्या गाठी वीतभर खोल असतात, वरून उपटला की पुन्हा फुटतो. म्हणून यंदा चैत्रातच जमीन १ फूट खणून गाठी वेचाव्यात, ढेकळे उन्हात तापू द्यावीत. मग पाणी शिंपून जे उगवेल ते पुन्हा खणून काढावे. कंटाळवाणे काम खरे! नंतर कुजलेले शेणखत मिसळून, बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवून जमीन सारखी करावी. मृगाच्या सरी पडल्या की हरळीची मुळे ४-४ बोटांवर टोचावीत. हरळी बांधावरची चालेल. पण तिच्याबरोबर लव्हाळा येत नाही ना, हे मी या खेपेस चष्मा लावून पाहणार आहे.